वद्य द्वितीयेचं पाणी

सकाळचे सव्वासात वाजलेत. कर्ली नदीवर धुकं आहे आणि धुक्याखालून पाणी समुद्राकडे निघालं आहे. माडाचं वाळकं चुडत, त्यामागून फेसाची पट्टी, त्यामागून कुणाच्या तरी रबरी चपलेचा डावा पाय, असं सगळं एकामागोमाग पश्चिमेला जातंय. आम्ही वालावलच्या काठावर चिऱ्याच्या पायऱ्यांवर बसलो आहोत. वरच्या पायऱ्या कोरड्या, मधल्या ओल्या, खालच्या दोन शेवाळलेल्या, आणि त्यांच्याही खाली काळा चिखल उघडा पडला आहे. चिखलात बोट जाईल एवढाली भोकं. भोकांच्या तोंडाशी बारक्या कुर्ल्या बसल्यात. एक नांगा भलामोठा, दुसरा नावापुरता. आपण जरा हललो की सगळ्या एकदम आत.

"काऊन वो," सासूबाई विचारतात, "एवढं पाणी आहे अन् आवाज कसा नाही?"

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, नागपूरच्या सीताबर्डीच्या. लग्न होऊन आल्या त्या किल्ल्याच्या टेकडीखाली, आणि तिथेच पंचाहत्तरी ओलांडली. आमच्याकडे सीताबर्डी कुणी म्हणत नाही, बर्डी म्हणतात. दुपारी चार वाजता मेन रोडवर सुरू झालेला गलका रात्री दहाला ओसरतो, त्याला आई शांतता म्हणतात. आता इथे एक खंड्या ओरडतो, मग बराच वेळ कुणीच ओरडत नाही, आणि त्या अस्वस्थ होऊन पिशवीतल्या संत्र्यांची मोजदाद करतात.

नागपूरहून मडगावला जाणारी आठवड्यातून दोनदाची गाडी धरली, तर दुसऱ्या दिवशी दुपारी माणूस कुडाळला उतरतो. तिथून नेरूरमार्गे वालावल जवळच. मालवण नदीपलीकडे, रस्त्यानं तासाभरावर. समुद्र पाहायला आलेले लोक मालवणला थांबतात, तारकर्ली-देवबागला थांबतात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीसाठी रांग लावतात. नदीच्या या बाजूला वळणारे थोडे. आईंना किल्ला नको होता. "किल्ला तं आपल्याकडेही आहे," एवढं म्हणून त्यांनी तो विषय संपवला.

नदीही आमच्याकडे आहे, अगदी बर्डीला लागून. नाग नदी यशवंत स्टेडियमच्या बाजूनं दोन भिंतींच्या मधून वाहते, आणि पुलावरून जाताना लोक नाकाला रुमाल लावतात. तिच्याकडे बर्डीनं नीट पाहिलं ते २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे. चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव सांडला, मोरभवनच्या बसस्थानकात गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. एरवी नाग म्हणजे पत्ता सांगायची खूण. पण एका बाबतीत ती सरळ आहे, तिचं पाणी एकाच दिशेनं जातं. नाग कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला; वैनगंगा-वर्धेची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते, आणि बर्डीवर पडलेला पाऊस शेवटी बंगालच्या उपसागरात पोचतो. आईंच्या डोक्यात नदी आहे ती ही. वरून येते, खाली जाते.

कर्लीचा सगळा संसार एका जिल्ह्यातला. सह्याद्रीतून निघते आणि सिंधुदुर्गाबाहेर पाऊल न टाकता देवबाग आणि भोगवे यांच्या मधून अरबी समुद्रात शिरते. इथून ते तोंड काही कोसांवर आहे, दिसत नाही, पण सकाळपासून जे काही चाललंय ते तिथल्याच हुकमानं.

धुकं विरळ होतं तशी पलीकडची बाजू दिसायला लागते. आधी माडांची टोकं, मग सुपारी, मग पाण्याच्या कडेनं कांदळवनाची हिरवी भिंत. कांदळाची मुळं खोडातून कमानीसारखी बाहेर पडून चिखलात उतरलीत. पाणी उतरल्यामुळे मुळांचा खालचा भाग एका सरळ रेषेत काळा दिसतो. काल दुपारी पाणी कुठवर होतं ते कुणाला विचारायची गरज नाही. नदीच्या मध्यावर वाळूचा दांडा वर आलाय आणि त्यावर चार बायका आहेत. त्या तिथे कशा पोचल्या ते आम्ही पाहिलंच नाही. लुगड्याचा काचा मारलेला, कमरेला दोरी, दोरीच्या टोकाला पाण्यावर तरंगणारं ॲल्युमिनियमचं पातेलं. गुडघाभर पाण्यात वाकून त्या वाळूत हात घालतात, मूठ वर काढतात, पाण्यात हलवतात, आणि जे उरतं ते पातेल्यात टाकतात. टण्. या सकाळचा मोठ्यात मोठा आवाज तोच.

त्यांच्यातली एक काठाशी येते. पातेल्यात ओले, करडे, बदामाएवढे शिंपले.

"काय आहे वो हे?" आई.

"मुळे. शंभराक वाटो." ती आमच्याकडे निरखून पाहते. "खयसून इलात?"

"नागपूर."

"बापरे! नागपूरसून मुळे खावक?"

आई मासे खातात, पण त्यांचे मासे म्हणजे रोहू, कतला, फार तर मरळ. शिंपल्याकडे त्या जरा संशयानं पाहतात. आणि तरीही, शंभर रुपयांत इतकेच का, असं विचारतात. बाई हसते आणि मग सगळी कृती सांगते. हे आत्ता शिजवायचे नाहीत. आज दिवसभर, रात्रभर पाण्यात ठेवायचे, म्हणजे पोटातली रेती सोडतात. उद्या अडाळ्यावर एकेक चिरायचा, अर्धी शिंप टाकायची, मांसाची शिंप ठेवायची, वर ओलं खोबरं. "रेव लागली दाताक, तर तुमी माका गाळी घालशात," ती म्हणते. आम्ही पाहुणचाराला उतरलो आहोत ते घर कुठलं ते विचारते आणि वाटा तिकडेच पोचवते म्हणते. पैसे आत्ता नको. बोलताना तिची नजर मात्र आमच्यावर नाही, दांड्याच्या कडेवर आहे. आम्हीही तिकडे पाहतो. काहीच वेगळं दिसत नाही.

"थांबला," ती म्हणते आणि परत पाण्यात शिरते. आता तिची घाई उघड दिसते. चौघीही झपाझप हात चालवतात.

पायऱ्यांच्या बाजूला एक होडी चिखलात टेकून कलती पडली आहे आणि तिच्या सावलीत एक म्हातारे गृहस्थ जाळं दुरुस्त करत बसलेत. बायका त्यांना तात्या म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणतो. पाग आहे, फेकायचं गोल जाळं, कडेला शिशाचे मणी ओवलेले. आई त्यांच्याशेजारी जाऊन बसतात, एक संत्रं सोलून अर्धं त्यांच्या हातावर ठेवतात आणि विचारतात की पाणी थांबलं म्हणजे काय झालं जी?

तात्या संत्र्याची फोड गालात धरून बोटांवर हिशेब करतात. "आज काय? वद्य दुतिया. दोनाची पाऊणपट दीड. म्हणजे दीड वाजता दर्यात पुरी भरती. हय पावाक अजून तास तरी लागतलो."

आईंना कळत नाही, म्हणून ते पुन्हा सांगतात, आणि मला तो हिशेब इतका आवडतो की मी वहीत लिहून घेते. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. जे येईल त्या वाजता समुद्रात पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला नि अवसेला सव्वाअकराच्या सुमारास. सकाळी एक आणि साधारण साडेबारा तासांनी दुसरी, मध्ये दोन ओहोट्या. रोज पाऊण तास मागे सरत जायचं. मोबाइलवर भरतीची वेळ मिळते हे तात्यांना माहीत आहे. नातू मुंबईहून आला की दाखवतो म्हणतात. पण मोबाइल सांगतो मालवण बंदराची वेळ. वालावलला पाणी कधी येईल, वरच्या वाडीत कधी, ही भर आपली आपण घालायची. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं; अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा दोन्ही थोडं थोडं. मुंबईच्या मानानं इकडची चढउतार पुष्कळच कमी, पण उधाणाला दीड-दोन मीटरचा फरक पडतो, आणि सपाट चिखलावर तेवढा फरक म्हणजे अख्खं शेत उघडं पडणं किंवा बुडणं. आज पौर्णिमा होऊन दोन दिवस झालेत, म्हणजे उधाणच. म्हणून दांडा एवढा वर आला आणि म्हणूनच चौघी आज आल्यात. अष्टमीला कुणी फिरकणार नाही.

साडेआठ. नदी थांबली आहे. हे मी असंच लिहिते, कारण दुसरं काही म्हणता येत नाही. मघाची चप्पल गेली ती गेली. आता पायऱ्यांसमोर एक करंजाचं पान आहे आणि ते जागच्या जागी उभं आहे. पाण्यावर सुरकुती नाही. पलीकडचे माड पाण्यात उलटे दिसतात. तात्या जाळ्यातून मान वर काढत नाहीत. पाच मिनिटं जातात, दहा. पान किंचित आमच्याकडे सरकतं, मग थांबतं, मग स्वतःभोवती अर्धी गिरकी घेतं. आणि मग ते पूर्वेला निघतं.

"मायबाई!" आई उठून उभ्या राहतात. "पाणी तं वर जाऊन राहिलं ना वो!"

तात्यांना हसू आवरत नाही. त्यांनी ही नदी रोज चार वेळा फिरताना पाहिली आहे. तिला असं कुणी दाद देताना बहुधा पाहिलं नसावं. पण आईंचं पुढचं बोलणं त्यांना हसण्यावारी नेता येत नाही. आई विचारतात, की समुद्राचं पाणी नदीत शिरतं तर मग हे पाणी गोड की खारट? पितं कोण हे? विहिरींचं काय होतं?

तात्या जाळं बाजूला ठेवतात. पावसाळ्यात गोड, ते सांगतात. तेव्हा वरून एवढा लोंढा येतो की दर्याला आत यायला जागाच नसते. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आमच्या जवळजवळ तिप्पट. दिवाळीनंतर वरचं पाणी कमी होत जातं आणि खारं पाणी एकेक वळण ओलांडत आत सरकतं. आता माघात इथे मचूळ. वैशाखात तोंडात धरवणार नाही. काठाजवळच्या विहिरीसुद्धा तेव्हा बिघडतात. पिण्याची विहीर म्हणून वर, भरडाच्या अंगाला.

दहाच्या सुमाराला होडीखालचा चिखल दिसेनासा होतो. साडेदहाला होडी स्वतःच सरळ होते. कुणी ढकलत नाही, ओढत नाही. तात्या म्हणतात, वरच्या बाजूला देवळाच्या अंगाला सोडू काय? जायचं तर थोडं थांबू या, पाणी जोर धरू दे. "पाण्याच्या इरोधात वल्ला मारून कित्याक दमायचा? आमी पाण्यावांगडा जातंव."

या एका वाक्यावर सगळं गाव चालतं असं मला तासाभरात दिसतं. होडीत बसलो तर वल्ह्याचं काम फक्त दिशा धरण्याचं. ओढतं ते पाणीच. खाली देवबागकडे जायचं तर ओहोटी लागल्यावर निघायचं, भरतीबरोबर परतायचं. पूर्वी इथून नारळ, सुपारी, लाकूड, कौलं होड्यांतून जायची ती याच वेळापत्रकानं. रस्ते झाले, पूल झाले, तो व्यवहार आटला, वेळापत्रक उरलं. काठालगत एका उथळ कोपऱ्यात नारळाची सोडणं कुजत घातली आहेत, त्याचा वास होडीपर्यंत येतो. काही महिन्यांनी ती झोडून काथ्या निघेल. आईंना तो वास ओळखीचा वाटतो. कुठला ते त्या सांगत नाहीत, पण पुलावरचा रुमाल मलाही आठवतो.

डाव्या हाताला बांध लागतो. बांधापलीकडे भाताचा पोपटी चौकोन; पावसाळी भात काढल्यावर ओलाव्यावर आणि व्हाळाच्या पाण्यावर घेतलेलं दुसरं पीक, वायंगण. त्याच्या वरच्या कोरड्या कुणग्यांत कुळीथ. शेत नदीच्या आत्ताच्या पातळीपेक्षा खाली आहे, हे होडीतून पाहताना पोटात गोळा आणतं. बांधाच्या पोटात एक लाकडी झडप बसवली आहे, वरून बिजागरी, नदीच्या बाजूला उघडणारी. ओहोटीला शेतातलं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. भरती आली की नदीचंच पाणी झडपेला बाहेरून दाबून धरतं आणि वाट बंद. खारं पाणी आपल्याच जोरानं स्वतःला बाहेर ठेवतं. कळ नाही, वीज नाही, रखवालदार नाही. मात्र झडपेच्या फटीत एखादं लाकूड अडकलं तर एका रात्रीत शेत जातं आणि त्या जमिनीतला खार उतरायला पुढे पावसाळे मोजावे लागतात. अशा जमिनींसाठी राज्यानं १९७९ मध्ये खारभूमीचा वेगळा कायदा केला, बंधारे सरकारी झाले. तात्यांचं म्हणणं, आधी बांध फुटला की वाडी रात्री कंदील घेऊन धावायची, आता अर्ज धावतो.

पुढच्या वळणावर इंजिनाची धडधड. लोखंडी होडी, काठोकाठ वाळू भरलेली, पाण्याच्या वर जेमतेम वीतभर. खाडीतली वाळू काढायची परवानगी असते ती हातपाटीनं, म्हणजे माणसानं बुडी मारून, पाटीनं उपसून. त्या होडीतली पोरं वीस-बावीसची, ओलीचिंब, डोळे लाल. आपसात हिंदी बोलतात. ती आमच्याकडे पाहून हात करतात. तात्या करत नाहीत. होडी गेल्यावर ते एका जागी वल्ह्यानं खूण करतात, काठ तिथे उभा तुटलाय, एका माडाची मुळं हवेत आहेत. "हय पाच माड होते," ते म्हणतात. पोरांवर त्यांचा राग नाही. पोटाक इली ती, असंच म्हणतात. राग कुणावर ते बोलत नाहीत, पण काठाच्या चार माडांचा हिशेब त्यांच्याकडे तिथीच्या हिशेबाइतकाच पक्का आहे.

होडीतून घरं दिसतात, चिऱ्यांची, कौलारू, गडग्याआड. बहुतेकांची दारं बंद. एका घराचं खळं मात्र ताजं सारवलेलं, तुळशीपाशी रांगोळी, आणि दाराला कुलूप. मुंबईला असलेल्या माणसांनी शेजारणीला सांगून ठेवलेलं असतं. ती रोज येऊन दिवा लावते. चाकरमानी शिमग्याला येतील, चतुर्थीला येतील. "शांत, निसर्गरम्य" असं या गावाबद्दल पर्यटनाच्या पत्रकांत छापलेलं असतं. ते खोटं नाही. पण निम्मी शांतता कुलपांची आहे, हे पत्रकात छापत नाहीत. लेखक चि. त्र्यं. खानोलकर इथून शेजारच्याच तेंडोलीच्या बागलांची राई इथे १९३० साली जन्मले, कुडाळला खानावळ चालवली, आणि तेही पुढे मुंबईलाच गेले. त्यांच्या 'चानी' कादंबरीवर व्ही. शांतारामांनी सिनेमा केला. आईंनी तो नागपुरात पाहिला आहे. त्यांना त्यातली रंजना आठवते. बाकी काही आठवत नाही.

अडीच वाजायला आलेत. कांदळाची मुळं कुठेच दिसत नाहीत. झाडं जणू सरळ पाण्यातूनच उगवलीत. सकाळी ज्या दांड्यावर चार बायका उभ्या होत्या तो आता कुठे होता हेही दाखवता येणार नाही. फांद्या पाण्याला टेकल्यात, एक ब्राह्मणी घार खाली येऊन काहीतरी उचलते. नदी दुप्पट रुंद झालीय. तात्या एका सुरमाडाच्या बुंध्याला होडी लावतात. इथून लक्ष्मीनारायणाचं देऊळ पायवाटेनं जवळ; कोरीव लाकडी खांबांचं, शेजारी तळं असलेलं जुनं देऊळ. तळं गोडं, नदी खारी, मध्ये थोडीशीच जमीन.

आई उतरताना होडी हलते, तात्या त्यांचा हात धरतात. "सांभाळून, वयनीनू."

"उद्या किती वाजता फिरेल जी पाणी?" आई विचारतात.

"तुमीच सांगा आता."

आई बोटांवर हिशेब करतात. उद्या तृतीया. तीनची पाऊणपट सव्वादोन, तिथून तास-सव्वातास. "साडेतीनच्या आत!" तात्या मान डोलावतात. मग आई बटवा काढतात आणि होडीचे किती द्यायचे ते विचारतात.

"माका कित्याक? पाण्यान हाडल्यान तुमका," तात्या म्हणतात, जाळं खांद्यावर टाकतात, जरा विचार करतात, आणि तीनशे रुपये सांगतात.

आई बर्डीच्या आहेत. त्या दीडशेपासून सुरू करतात.